दारूगोळ्याचा तास

लांज्याच्या शाळेत मी इतिहास शिकवते. मुलं चौथीत शिवछत्रपती शिकून आलेली असतात, सातवीत तोच धागा पुढे पानिपतापर्यंत आणि त्याही पलीकडे जातो. या सगळ्यात तलवार पुष्कळ असते, घोडा असतो, गनिमी कावा असतो. बंदुकीची दारू जवळजवळ नसते. तोफ येते ती घोडखिंडीच्या गोष्टीच्या शेवटी. राजे विशाळगडावर पोहोचल्याची खूण म्हणून ती वाजते आणि गोष्ट संपते. ती तोफ गडावर कोणी चढवली, तिच्या दारूतला सोरा कुठून आला, जुलैच्या पावसात ती दारू पेटली कशी, हे पुस्तकात नसतं. पुस्तकात नाही म्हणून परीक्षेत नाही, आणि परीक्षेत नसलेली गोष्ट वर्गात आणायला काही निमित्त लागतं.

माझ्याकडे ते निमित्त एका व्हिडिओ गेमच्या रूपाने आलं.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. मे महिन्यात आंब्यांसाठी आला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर त्याने एक खेळ घालून दिला. ‘एम्पायर : टोटल वॉर’. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीचा, २००९ साली आलेला, म्हणजे त्याच्या पिढीच्या हिशेबाने जुना. “मावशी, यात मराठे आहेत, आणि त्यांच्या बाजूने खेळता येतं,” एवढंच तो म्हणाला. निकालपत्रकं आणि सरल पोर्टल यांच्यापलीकडे त्या लॅपटॉपचा मला फारसा उपयोग नव्हता. पण हे वाक्य ऐकल्यावर मी खुर्ची ओढून बसले.

खेळ सुरू होतो १७०० साली. नकाशाचे तीन मोठे भाग आहेत: युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान. ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, प्रशिया, रशिया, उस्मानी तुर्क अशा सत्तांतून एक निवडायची, आणि त्यांच्याच रांगेत मराठे. हिंदुस्थानातली खेळायला दिलेली ही एकच सत्ता. मोगल आहेत, पण समोरच्या बाजूला, कॉम्प्युटरच्या हाती. परदेशी माणसांनी केलेल्या खेळात आपलं नाव त्या यादीत पाहिल्यावर माझा ऊर भरून आला, आणि ते लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

खरं १७०० साल फार अवघड होतं. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. औरंगजेबाची छावणी साताऱ्याच्या पायथ्याशी होती. एप्रिलमध्ये मोगलांनी किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग उडवले. एकाने तट फोडला. दुसऱ्याचा स्फोट बाहेरच्या बाजूला उलटला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक दगडांखाली गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभू त्यानंतरही काही दिवस लढत राहिले आणि मग गड गेला. हा सुरुंग मी दरवर्षी एका वाक्यात सांगत आले आहे. आता तो एका वाक्यात आटपणार नाही.

पहिली संध्याकाळ मी एकही लढाई केली नाही. सगळा वेळ हिशेबात गेला. पायदळाची एक पलटण उभी करायची तर तिची किंमत आहे, आणि ती उभी राहिली की दर फेरीला तिचा पगार आहे. एक फेरी म्हणजे सहा महिने. तोफा महाग. रस्ते, बंदरं, शेती यांच्यावर खर्च केला तर उत्पन्न येतं, पण सावकाश. कर वाढवला की रयत बिथरते. मोगलांशी युद्ध पहिल्या फेरीपासून चालूच असतं, म्हणजे पैसा आधी कुठे घालायचा हा विचार करायलाही उसंत नाही. चौथाई आणि सरदेशमुखी मी फळ्यावर लिहिते, एक चतुर्थांश आणि एक दशांश. मुलं ते पाठ करतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. तशी वसुली या खेळात नाही. पण तिजोरी रिकामी होऊन पलटणींचा पगार थकायला लागतो तेव्हा चौथाई कशासाठी लागत होती ते आपसूक समजतं.

त्या हिशेबात एक गोष्ट मला फार नेमकी वाटली. नवे शोध लावायचे तर शाळा, महाविद्यालयं बांधावी लागतात. पण शाळा बांधली की त्या प्रांतात सुधारणेची मागणी वाढू लागते आणि सत्तेविरुद्धची कुरबुर चढत जाते. म्हणजे राजाला उत्तम बंदूक हवी असेल तर प्रश्न विचारणारी रयतही पत्करावी लागते. हे ज्याने खेळात घातलं त्याला शिक्षण म्हणजे काय ते ठाऊक होतं.

लढाई सुरू झाली की नकाशा मागे पडतो आणि मैदान उघडतं. शेकडो माणसं रांगेत. पहिली फैर झडली आणि पांढरा धूर असा दाटला की समोरचं काही दिसेना. मग जे सुरू झालं ते निव्वळ थांबणं. शिपाई बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवतो, दारू ओततो, गज काढतो, ठासतो, गज परत ठेवतो, बंदूक उचलतो. तोवर समोरचे स्वार निम्मं मैदान ओलांडून आलेले असतात. सुरुवातीला फक्त पुढची रांग बार काढते, मागच्या रांगा नुसत्या उभ्या. रांगेमागून रांग बार काढायची कवायत शिकवायला खेळातली कित्येक वर्षं आणि पुष्कळ पैसा जातो. संगिनीचंही तसंच. पहिल्या प्रकारची संगीन नळीच्या तोंडातच खोचायची, म्हणजे ती लावली की बंदूक बंद. नळीच्या बाहेर बसणारी संगीन मागाहून येते.

ठासणीची बंदूक मी लहानपणापासून पाहिली आहे. आमच्या भागात शेतीसंरक्षणाचा परवाना बऱ्याच घरांत असतो. रानडुकरं नाचणी, भात, वरी काही ठेवत नाहीत, वानरं नारळ आणि फणस फस्त करतात. निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, निवडणूक संपली की परत. बाबांची बंदूक माजघरात खुंटीला असायची. आधी दारू मापून ओतायची, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा काथ्या, प्रत्येक वेळी गजाने ठासायचं, आणि अगदी शेवटी केप बसवायची. केप ही एकोणिसाव्या शतकातली सोय. खेळातल्या शिपायांकडे ती नाही. त्यांच्याकडे जळती वात किंवा चकमक. कापणीआधी बाबा रात्री शेतातल्या माळ्यावर बसत. एक बार वाया गेला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगर चढून गेलेलं असतं, हे ते दरवर्षी सांगत.

त्या काळचा कवायतीत तयार झालेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. शंभर मीटरपलीकडच्या एका माणसाला नेमका टिपणं त्या बंदुकीला जवळपास अशक्य होतं. म्हणून माणसं खांद्याला खांदा लावून उभी करायची, म्हणून सगळ्यांनी एकदम बार काढायचा, म्हणून धुरातही आपला-परका ओळखू येईल असा रंगीत पोशाख घालायचा. पुस्तकातल्या चित्रात ही माणसं अशी दाटीवाटीने का उभी असतात हे मुलं मला विचारत आली आहेत. आता मी त्यांना बाबांची बंदूक सांगते आणि मग चित्र दाखवते.

दोन फैरींमधल्या त्या फटीत मराठ्यांचं घोडदळ जगत होतं, हे खेळताना मला नीट उमगलं. आणि त्याहून पुढची गोष्ट अशी की आपल्या उत्तम सेनापतींनी तोफांच्या तोंडी जायचंच टाळलं. तोफ ओढणारे बैल, दारूचे पेटारे, धान्याच्या गोण्या यांच्यावर ते पडत. १६९५ साली संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला कासिमखानाला कोंडलं तेव्हा मोगलांचं अन्नही संपलं आणि दारूगोळाही. त्याच मोहिमेत संताजींकडे कर्नाटकातलं बंदूकधारी पायदळ मोठ्या संख्येने होतं आणि त्यांच्या नेमबाजीने मोगल हैराण झाले. म्हणजे मराठ्यांना बंदूक नको होती असं मुळीच नाही. कोणत्या जागी ती चालवायची हे त्यांनी ठरवलं होतं.

शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी मी वर्गात प्रोजेक्टर लावला. पावसाचे दिवस, विजेचा भरवसा नाही, तरी अर्धा तास मिळाला. मुलं आधी ओरडली, मग हळूहळू गप्प झाली, कारण पलटण भरत असताना काही करता येत नाही, नुसतं पाहावं लागतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून माचाळच्या मुलीने विचारलं, “बाई, यांच्यात पाऊस नसतो काय?”

माचाळ आमच्या तालुक्यातलं डोंगरमाथ्यावरचं गाव. मुचकुंदी नदी त्या डोंगरांतून उतरते आणि पूर्णगडाला समुद्राला मिळते. गावातून समोर विशाळगड दिसतो, मधे दरी. पावसाळ्यात गाव ढगात बुडालेलं असतं आणि कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. त्या मुलीने खेळाचं सगळ्यात मोठं उणेपण एका वाक्यात सांगितलं होतं. खेळात वर्षाचे हंगाम दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. युरोपच्या युद्धाला तेवढे पुरतात. आमच्या युद्धाचं पंचांग आगोटीपासून दसऱ्यापर्यंत वेगळंच असतं, आणि ते या नकाशाला माहीत नाही. सह्याद्रीचे डोंगर नकाशावर आहेत. ते वाट अडवतात. ते सैन्याला थकवत नाहीत, कुजवत नाहीत.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच घरासमोर होतं. विशाळगडाला मोगल खेळणा म्हणत. १७०१च्या डिसेंबरात औरंगजेबाने या गडाला वेढा घालायला सुरुवात केली. गडावर परशुराम त्रिंबक प्रतिनिधी होते. अंबा घाटातून मोठं लष्कर आणि तोफा न्यायच्या तर आधी वाट तयार करायला हवी होती. झाडी तोडून, दगड फोडून ती केली गेली. मग महिनेच्या महिने मोर्चे, तोफांचा मारा, आणि गड जागच्या जागी. वळवाचा पाऊस आला, मग खरा पाऊस आला. जून १७०२ मध्ये अखेर गड मिळाला तो वाटाघाटीने. शहजादा बेदारबख्ताने बोलणी केली, मराठ्यांना मोठी रक्कम मिळाली आणि ते आपलं निशाण गुंडाळून बाहेर पडले.

खरी लढाई त्यानंतर झाली, आणि तिच्यात मराठे नव्हते. बादशाही लष्कर पन्हाळ्याकडे परत निघालं ते भर पावसात. ओढे फुगलेले, चिखलात हत्ती रुतलेले, उंट आणि बैल मेलेले, तंबू मागे राहिलेले, धान्याचे भाव आभाळाला. सुमारे तीस मैलांची ती मजल कापायला अडतीस दिवस लागले. मी मुलांना फळ्यावर भागाकार करायला लावला. दिवसाला जेमतेम सव्वा किलोमीटर. वर्गात कुणी हसलं नाही. जोताच्या बैलांमागे चिखलात चाललेली मुलं आहेत ही. एक मुलगा म्हणाला, “बैल चिखलात बसला ना बाई, की मारून पण उठत नाही.” दुसऱ्याने विचारलं, तोफेला किती बैल लागत? मोठ्या तोफेला कित्येक जोड्या लागत, आणि त्या सगळ्या बैलांना वैरण लागे, आणि जूनमध्ये घाटात वाळलेली वैरण कुठून आणणार, असा तो प्रश्न पुढे चालत गेला. मला फार काही बोलावं लागलं नाही.

मग प्रश्न दारूचा निघाला. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती पूड, त्यात सोऱ्याचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश. तिला ओल अजिबात चालत नाही, आणि आमच्याकडे तर भिंतींनाही बुरशी येते. अशा मुलखात गडांवर दारू कशी टिकवली? याचं उत्तर आज्ञापत्रात आहे. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ १७१५च्या सुमाराचा, राज्य कसं चालवावं ते सांगणारा. त्यात गडांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत: तो वस्तीपासून लांब असावा, आग पोहोचणार नाही अशी व्यवस्था असावी, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढावं, ऊन द्यावं आणि पुन्हा शिक्का करून ठेवावं. हे वाचून दाखवलं तेव्हा वर्गातली मुलं आपापल्या आजोबांविषयी बोलू लागली. कुणाकडे दारूचा डबा कुठे ठेवतात ते सांगायची चढाओढ लागली. आमच्या घरी तो कणगीत, भाताच्या आत असे. घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. पाऊसकाळात ऊन देणार कुठून, असंही एकाने विचारलं. अमात्यांनी ज्या काळजीने ती सूचना लिहिली तीच काळजी त्या प्रश्नात होती.

पराक्रमाचा इतिहास मला प्रिय आहे आणि तो मी मनापासून शिकवते. पण पराक्रम करणाऱ्याच्या हातात कोरडी दारू असावी म्हणून गडावर एखादा माणूस दर पंधरा दिवसांनी पेटारे उचलून उन्हात मांडत होता, त्याच्या जागी आमची मुलं स्वतःला चटकन ठेवू शकतात. बाजीप्रभूंच्या जागी ठेवायला त्यांना भीड वाटते.

दारूगोळ्याचा बाजारही आमच्या शेजारीच होता. लांज्याहून एसटीने तासाभरावर राजापूर. तिथे इंग्रजांची वखार १६४९ची. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या लोकांसह तोफ आणि गोळे घेऊन तिथे गेला, आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर मारलं, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. सुटका १६६३ साली. त्या नुकसानीची भरपाई इंग्रज पुढे वर्षानुवर्षं मागत राहिले, १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळच्या बोलण्यातही तो विषय होता. खेळात दुसऱ्या सत्तेशी व्यापाराचा करार एका बटणावर होतो आणि व्यापारी फक्त पैसा आणतो. तो शत्रूच्या छावणीत तोफ घेऊन उभा राहत नाही. वर्गाचे मी दोन गट केले, एक राजापूरचे व्यापारी आणि एक महाराजांचे वकील. व्यापाऱ्यांचा गट सारखा म्हणत राहिला की आम्ही माल विकला, युद्ध केलं नाही. वकिलांच्या गटातल्या मुलीने एकच विचारलं, मग निशाण कशाला लावलंत?

कोटची मुलं असली की विषय झाशीकडे वळतोच. झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव आमच्या तालुक्यातलं कोट, आणि तिथल्या मुलांना ते फार लवकर सांगितलं जातं. कडक बिजली, भवानीशंकर ही तोफांची नावं त्यांना पाठ असतात, गोलंदाज गुलाम गौसखानाचं नावही. १८५८चा तो वेढा या खेळाच्या काळाच्या कितीतरी पुढचा, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही, पण तोफेला नाव देणाऱ्या माणसांचं तोफेशी असलेलं नातं खेळात कुठेच दिसत नाही एवढं मी सांगते.

समुद्राचं पाहायला आम्ही विजयदुर्गला गेलो. या मालिकेत जहाजांच्या लढाया पहिल्यांदा याच खेळात आल्या, आणि त्या देखण्या आहेत. शिडं फाटतात, डोलकाठ्या कोसळतात. पण तिथलं युद्ध सगळं जहाजाच्या कुशीचं. दोन जहाजं समांतर येतात आणि कडेच्या तोफांच्या ओळी एकमेकांवर रिकाम्या करतात. मराठा आरमारातल्या आंग्र्यांच्या गुराब जहाजांच्या मोठ्या तोफा नाळेवर असत, पुढच्या दिशेने डागायच्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत, जिथे त्याच्या कुशीच्या तोफांचा काही उपयोग नसे. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि खाड्या यांना धरून केलेली ती रचना होती. विजयदुर्गाच्या तटावर तोफगोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. मुलांनी त्यांच्यावर तळहात ठेवून पाहिले.

तिथेच मी त्यांना फेब्रुवारी १७५६ सांगितलं. वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून, पेशव्यांची फौज जमिनीवरून, आणि मधे तुळाजी आंग्रे. इंग्रजांचा एक गोळा बंदरातल्या जहाजावर पडला, आग लागली, आणि ती जहाजामागून जहाज पसरत जाऊन सगळं आरमार जळालं. “पण ते आपलंच होतं ना?” असं दोघा-तिघांनी एकदम विचारलं. खेळात मराठ्यांचा सगळा मुलूख एकाच रंगाचा आहे. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड, आंग्रे सगळे त्या एका रंगात. तो रंग पाहताना मला आनंद होत असे. त्या तटावर उभं राहिल्यापासून मला त्याच्यात जागोजागी शिवणी दिसतात.

खेळात पुढे जायचं तर वाट एकच आहे. जुनं पायदळ काढायचं, कवायती पलटणी उभ्या करायच्या, रांगेने बार काढायचा, तोफा हलक्या आणि जलद करायच्या. जो जितका युरोपसारखा होईल तितका तो जिंकतो. मला हे सुरुवातीला खटकलं. मग लक्षात आलं की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या कर्त्या माणसांपुढे हाच प्रश्न होता आणि त्यांनीही पुष्कळदा हेच उत्तर दिलं. भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याला घेतलं. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर त्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली, आणि मग आपल्याच स्वारांनी उतावळेपणाने पुढे उडी घेतल्यामुळे तोफांचा मारा अडला असं सांगतात. खेळात मी हे मुलांना दाखवू शकते: तोफेपुढे आपले स्वार सोडले की गोळा त्यांनाही लागतो. कवायती पायदळ आणि मोकळं घोडदळ ही दोन वेगळ्या चालीची सैन्यं एका मैदानावर सांभाळणं किती कठीण, ते पडद्यावर त्या क्षणी कळतं.

महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याच्या हाताखाली ज्या पलटणी उभ्या केल्या त्या हिंदुस्थानातल्या उत्तम पलटणींपैकी होत्या. खेळात अशी पलटण विकत घेतली की ती कायमची आपली. तिचा अधिकारी कोण, तो कुठला, त्याचा पगार दुसऱ्या कोणी वाढवून देऊ केला तर तो काय करील, हे विचारायला जागाच नाही. १८०३ साली युद्ध तोंडावर आलं तेव्हा कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बाहेर बोलावलं, आणि बरेचजण गेले. तरी २३ सप्टेंबरला आसईच्या मैदानावर उरलेल्या पलटणींनी पोलमनच्या हुकुमाखाली, इंग्रज सेनापती वेल्स्ली अनपेक्षित बाजूने नदी उतरून आला तेव्हा, आपली सगळी रांग फिरवून त्याच्या समोर आणली. कवायत पक्की असल्याशिवाय हे होत नाही. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच मेले. काहीजण मेल्याचं सोंग करून पडले आणि इंग्रजी रांग पुढे गेल्यावर उठून त्याच तोफांनी तिच्या पाठीवर मारा करू लागले. वेल्स्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. शंभराच्या आसपास तोफा त्याच्या हाती गेल्या.

वर्गात यावर भांडण झालं. काही मुलांचं म्हणणं, पगार वेळेवर दिला असता तर साहेब गेले नसते. काहींचं म्हणणं, साहेब ठेवायलाच नको होते, आपल्यातलेच अधिकारी तयार करायला हवे होते. माचाळची मुलगी म्हणाली की त्यासाठी आधी शाळा काढावी लागली असती, आणि मग खेळात होतं तशी रयत बिथरली असती. त्यावर दुसऱ्या बाकावरून उत्तर आलं, बिथरू दे की. तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या तासाला मी आसईचा नकाशा नेणार आहे, केळणा आणि जुआ या दोन नद्यांच्या मधली ती जागा, पोलमनची रांग आधी कुठे होती आणि फिरवल्यावर कुठे आली ते खडूने काढून. ज्यांनी साहेब नकोत म्हटलं त्यांनी पलटणीचा हुकूम कोणाकडे द्यायचा ते ठरवून यायचं आहे, आणि ज्यांनी पगार म्हटलं त्यांनी तो कुठल्या परगण्यातून वसूल करायचा ते.